यंत्राच्या जिभेवरचा ळ

निपाणीत पहिला कॉम्प्युटर आला तो एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पेढीवर. त्याच्यासाठी वेगळी खोली केली होती, खाली गालिचा अंथरला होता आणि आत जाणाऱ्याने चपला बाहेर काढायच्या असा नियम होता. खंडेनवमीला त्याला झेंडूचा हार पडायचा. तो बंद पडला तेव्हा व्यापाऱ्याने बोलावलं कुमार चौगुल्यांना, कारण गावात रेडिओ-टीव्ही उघडून बघणारा आणि बेळगावला डिप्लोमा केलेला तेवढा एकच माणूस होता. कुमारनी झाकणाचे स्क्रू सोडवले आणि आत वाकून ते एकेक भाग न्याहाळत राहिले. व्यापारी म्हणाला, "काय झालं?" कुमार म्हणाले, "काय न्हाय. बघू द्या जरा."

बिघाड साधाच निघाला, एक पट्टी खाचेतून सैल झाली होती. पण त्या दिवशी कुमारचा जीव त्या डब्यात अडकला तो अडकलाच. आज साठी जवळ आली, बसस्टँडच्या मागच्या गल्लीतलं त्यांचं दुकान अजून रोज उघडतं, आणि गाव त्यांना कुमारआण्णा म्हणून ओळखतं. या इतक्या वर्षांत त्यांनी काय काय पाहिलं. पंख्यावर बसलेल्या धुळीवरून ते मालकाचा धंदा सांगायचे. तपकिरी आणि शिंका आणणारी असली की तंबाखूची वखार, पांढरी असली की पिठाची गिरणी, पिवळी असली की मसाल्याचं दुकान. सन दोन हजार लागताना सगळे कॉम्प्युटर बंद पडणार म्हणून घाबरलेल्या माणसांना त्यांनी चहा पाजून धीर दिला होता. पुढे कॅफे आले, कॅफे गेले, खोलीभर यंत्राची कामं खिशातल्या फोनवर होऊ लागली. कुमारना कशाचंच वाईट वाटलं नाही. नवं काही आलं की ते अजूनही पहिल्या दिवसासारखे हरखतात. त्यांची बायको श्रद्धा म्हणते, "ह्यांना घरात नवी सून आली तरी एवढा आनंद व्हायचा न्हाय."

पण कुणी विचारलं, की आण्णा, एवढ्या वर्षांत सगळ्यात मोठं काम कुठलं केलंत, तर ते कारखान्याचं किंवा बँकेचं नाव घेत नाहीत. ते ब्राह्मीचं नाव घेतात.

ब्राह्मी बोरगावच्या जिनाप्पा पाटलांची मुलगी. लहानपणी ताप डोक्यात गेला आणि दोन्ही डोळे गेले. जिनाप्पा शेतकरी माणूस, पण पोरीला घरात बसवून ठेवली नाही. अंधशाळेत घातली, पुढे बी.ए. केलं. आणि एके दिवशी तिला घेऊन ते कुमारच्या दुकानात आले. अंग चोरून बसत म्हणाले, "आण्णा, हिला कॉम्प्युटर शिकायचाय म्हणती. जमंल का?"

कुमार म्हणाले, "आप्पा, ह्यात सगळं पडद्यावर दिसतंय ते बघूनच करायचं असतंय. कसं जमंल?"

ब्राह्मी शांतपणे म्हणाली, "पडदा तुमी बघा आण्णा. मला कुठली कळ कुठं हाय तेवढं सांगा."

तिचा आवाज विनवणीचा नव्हता. दुकानात येऊन एखादी वायर मागावी, तसं तिने ते मागितलं होतं. कुमारनी हो म्हटलं. ती गेल्यावर त्यांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, स्वतःच्या कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, माऊस काढून ठेवला आणि नुसत्या कळांवर स्वतःचीच एक फाईल उघडून बघायचा प्रयत्न केला. पंधरा वर्षं या यंत्राच्या पोटात हात घालणाऱ्या माणसाला आपली फाईल सापडली नाही. त्यांना हसू आलं, आणि त्याच हसण्यात त्या मुलीबद्दलचा आदर सुरू झाला.

शिकवणी सुरू झाली ती अशी, की आधी कुमार शिकायचे आणि मग ब्राह्मीला सांगायचे. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम त्यांनी कुठून तरी मिळवला. तो फक्त इंग्रजी बोलायचा, तेही नाकातून. ब्राह्मीने त्याचं इंग्रजी ऐकून ऐकून आपलं इंग्रजी सुधारलं. काही महिन्यांत ती त्याचा वेग एवढा वाढवून ऐकू लागली, की कुमारना ती नुसती किरकिर वाटायची.

"हे तुला कळतंय?" ते विचारायचे.

"व्हय. तुमी डोळ्यानं ओळ झरझर वाचता न्हव? तसंच हाय हे."

तिला बेळगावला एका बँकेत नोकरी लागली. पेढे घेऊन जिनाप्पा दुकानात आले आणि कुमारचा हात धरून बसले. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती, तरी कुमारना ती पुरली असती.

पण ब्राह्मी थांबणारी नव्हती. तिला मराठी वाचायचं होतं. मधल्या काळात जगभरच्या लोकांनी मिळून केलेला एक फुकटचा प्रोग्राम आला होता, त्यात मराठी आवाज होता. कुमारनी तो तिच्या लॅपटॉपवर मोठ्या हौसेने घातला. एक रविवार ती तो घेऊन ऐकत बसली, आणि पुढच्या रविवारी निपाणीला आली ती कपाळाला आठी घालूनच.

"आण्णा, ह्याला ळ येत न्हाय."

"म्हंजे?"

तिने कळ दाबली. यंत्र बोललं, "बेलगाव." मग "बाल रडतंय." मग "डोल्यात कुसल गेलं."

कुमार हसले. ती हसली नाही. "तुमाला गंमत वाटती. तुमी ळ डोळ्यानं बघताय. माझ्याकडं तो कानानंच येतोय. जी पोरं नुसतं ह्याच्यावर शिकतील त्यांना ळ आहे हेच कळायचं न्हाय. ती बाळाला बालच म्हणतील आणि लिवतील पण तसंच."

यंत्र बंद पडलं असतं तर कुमारनी सुरू केलं असतं, पण यंत्राचा उच्चार दुरुस्त करायचं काम त्यांच्याकडे कधी कुणी आणलं नव्हतं. त्यांनी त्या प्रोग्रामच्या फायली उघडून पाहिल्या. त्यात बरं हे होतं, की काही लपवलेलं नव्हतं. कुठलं अक्षर कसं म्हणायचं याचे नियम साध्या ओळींमध्ये लिहिलेले होते, ज्याला कळेल त्याने बदलावेत. फक्त ते कळायला पाहिजे होतं. ळच्या समोरचा आवाज बदलून त्यांनी यंत्राला बोलायला लावलं, तर ते कधी 'बेडगाव' म्हणायचं, कधी 'बेरगाव'. एकदा तर घशात घास अडकल्यासारखं थांबलंच.

महिना-दीड महिना असाच गेला. ब्राह्मी सुट्टीच्या दिवशी बसने यायची, श्रद्धावहिनींच्या हातचं जेवायची आणि दोघं दुकानात बसायची. कुमार एक आकडा बदलायचे, यंत्र बोलायचं, ब्राह्मी मान हलवायची. नाही. पुन्हा बदल. नाही. कुमारना पुष्कळदा आधीचा आणि नंतरचा आवाज सारखाच वाटायचा. ब्राह्मी म्हणायची, "आता जीभ मागं वळली, पण वर टेकली न्हाय." यंत्राला जीभ नसते हे कुमारना माहीत होतं, तरी ते तिचं ऐकून जीभ वर टेकवायला जायचे, आणि खरोखर आवाज जवळ यायचा.

तोडगा सापडला तो अवचित. एका दुपारी ब्राह्मीने बँकेतल्या कामासाठी यंत्राला कन्नड वाचायला लावलं. कन्नड आवाज आपला सरळ वाचत चालला होता. 'हळ्ळी', म्हणजे खेडं, हा शब्द आला आणि गेला. ब्राह्मीची बोटं थांबली. तिने तो पुन्हा ऐकला, आणि पुन्हा एकदा.

"आण्णा," ती म्हणाली, "ह्याला कानडीत ळ येतोय."

कुमार खुर्चीतून उठले. घरात कुमार मराठी बोलायचे, बाजारात कन्नड, आणि दोन्हीकडे तोच ळ आयुष्यभर उच्चारत आले होते. कुणीतरी कानडी माणसाने आपल्या भाषेसाठी तो नीट बसवून ठेवला होता. कुमारनी कन्नडच्या फायलीतला तो आवाज घेतला, मराठीच्या फायलीत आणून बसवला, आणि कळ दाबली.

"बेळगाव," यंत्र म्हणालं.

ब्राह्मीने एकेक शब्द घालायला सुरुवात केली. बाळ. डोळे. कुसळ. केळी. आभाळ. आणि आपल्या आईचं नाव, विमळ. ते नाव ऐकल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि मान खाली घातली. श्रद्धावहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

काम तेवढ्यावर संपलं नाही. आधी नियम नीट लिहायचे, मग परदेशातल्या त्या प्रोग्रामवाल्यांना पाठवायचे, त्यांच्या शंकांना उत्तरं द्यायची. सगळा पत्रव्यवहार ब्राह्मीने केला. त्यांनी विचारलं, की तुम्ही भाषाशास्त्राच्या अभ्यासक का. तिने लिहिलं, की नाही, मी ऐकणारी आहे. पुढच्या आवृत्तीत मराठीचा ळ आला. कुठे गाजावाजा झाला नाही. बदलांच्या यादीत एक बारीक ओळ होती, तीही कुमारनी शोधली म्हणून सापडली. पण काही दिवसांनी परभणीकडच्या एका अंध शिक्षकाशी ब्राह्मीचं कसल्याशा कामाने फोनवर बोलणं झालं, आणि तो सहज म्हणाला, की मॅडम, हल्ली आपला मराठी आवाज फार सुधारलाय, कुणी केलं देव जाणे. ब्राह्मीने ते कुमारना सांगितलं. कुमार म्हणाले, "मग तू सांगितलं न्हाईस व्हय?"

"कशाला? त्येला ऐकू येतंय न्हव नीट, झालं तर."

त्या उत्तरावर कुमार किती तरी दिवस मनातल्या मनात खूश होते.

यंदा दिवाळीनंतर ब्राह्मीने बेळगावात टिळकवाडीजवळ एक खोली घेतली आणि तिथे शनिवार-रविवार वर्ग सुरू केला. मोठेपणी दृष्टी गेलेल्यांसाठी. पहिल्या दिवशी तिने कुमारना बोलावलं. त्यांना वाटलं, मशिनं बसवायला बोलावलंय, म्हणून ते स्क्रूड्रायव्हरची पिशवी घेऊन पहाटेच्या गाडीने निघाले. जाऊन बघतात तर सगळं बसवून तयार होतं.

"मग मला कशाला बोलावलंस गं?"

"बसा तिथं. बघा."

समोर चार-पाच माणसं होती. त्यांत बेळगावजवळच्या येळ्ळूरचे भरमू होते, साखरेच्या आजाराने डोळे गेलेले. धिप्पाड माणूस, बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून कधीकाळी सीमेच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेला. सुनेने बळेच आणून सोडलं होतं. ते कीबोर्डवर हात ठेवायलाच तयार नव्हते. म्हणाले, "ह्या वयात पोरीबाळींचं खेळणं घिऊन काय करू?"

ब्राह्मी म्हणाली, "मामा, तुमच्या गावाचं नाव लिवा. बघू त्येला म्हणता येतंय का."

एकेक कळ ती सांगत गेली. मधेच एका मशीनचा आवाज गेला. कुमार सवयीने पिशवीकडे वाकले, तोवर ब्राह्मी तिथे पोचली होती. तिने मागच्या वायरी बोटांनी चाचपल्या, एक काढली, शेजारच्या भोकात घातली आणि मशीन बोलू लागलं. जाता जाता कुमारना म्हणाली, "आण्णा, तुमच्या पुढचा पडदा चालू हाय का? बंद करा की. इथं कोण बघणार हाय."

कुमारनी पडदा बंद केला.

भरमूंचा शब्द तोवर पुरा झाला होता. यंत्र म्हणालं, "येळ्ळूर." जसं येळ्ळूरचा माणूस म्हणेल तसंच. भरमू मामा खुर्चीत सरळ झाले. त्यांनी ते परत म्हणायला लावलं.

"हे असं बोलायला कुणी शिकवलं ह्येला?"

ब्राह्मीने सांगितलं, ळ कन्नडच्या फायलीतून कसा आणला ते. खोलीतल्या सगळ्यांनी कान टवकारले, कारण भरमू मामांची कानडीबद्दलची मतं त्यांना माहीत होती. कुमारनाही वाटलं, हिने हे आत्ता सांगायला नको होतं.

भरमू मामांनी हनुवटी खाजवली. "आमच्या येळ्ळूरला दोन ळ लागत्यात," ते म्हणाले. "एक त्यांचा असू दे, एक आमचा." आणि मग म्हणाले, "फुडं काय लिवायचं?"

दुपारपर्यंत कुमार त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून होते. पिशवी त्यांनी उघडलीच नाही. ब्राह्मी या खुर्चीपासून त्या खुर्चीपर्यंत जात होती, कुणाच्या बोटावर बोट ठेवत होती, कुणाला रागे भरत होती. एक बाई चुकून सगळं पुसून बसली आणि रडकुंडीला आली, तेव्हा ब्राह्मी तिच्याजवळ खाली बसून म्हणाली, "मी तर पहिल्या आठवड्यात आण्णांच्या दुकानातला पुरा कॉम्प्युटरच बंद पाडला हुता. इचारा त्यांना." कुमारना तसं काही आठवत नव्हतं. पण ते म्हणाले, "व्हय, व्हय. लई तरास दिला हिनं."

संध्याकाळी ते निपाणीला परत आले. श्रद्धाने पान वाढलं, शेंगदाण्याची चटणी, भाकरी, वांगं. दिवस मावळायच्या आत जेवायची घरची रीत.

"काय काम केलंत आज बेळगावात?"

"काय बी न्हाय. बसलो हुतो नुसता."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं हा माणूस कामावरून आला की मशीनचं काय बिघडलं होतं तेच सांगत जेवायचा. आज त्यांनी भरमू मामांचं सांगायला घेतलं. कसे हात मागे घेऊन बसले होते, कसे दोन ळ वाटून टाकले, आणि जाताना सुनेला कसे म्हणाले, की पुढच्या शनिवारी लवकर आण, उशीर करू नकोस. सांगता सांगता कुमार स्वतःच इतके हसत होते, की भाकरीचा तुकडा हातातच राहिला. श्रद्धा म्हणाली, "आधी जेवा. वांगं गार व्हायलंय."