हँडल मारून पाहा

मी मेहकरातल्या इंजनवाल्यांचा फळा बोलतोय. अंगानं सागाचा आहे, पण त्या सागाला शोभेल असं माझ्याकडून फारसं घडलं नाही. जे घडलं ते सांगतो.

माझा जन्म एका सरकारी कचेरीसाठी झाला. माझ्यावर नोटिसा लागत. ज्यांच्यासाठी त्या असत ते वाचत नसत आणि जे वाचत ते त्या लावणारेच असत. पुढं मुंबई राज्याचं महाराष्ट्र राज्य झालं, कचेरीत काचेचा फळा आला आणि मी ‘निरुपयोगी सामान’ या सदरात गेलो. तिथून मला शंकरराव मिस्तरींनी उचललं आणि खडू उमटावा म्हणून काळा रंग दिला.

शंकररावांची इंजनदुरुस्तीची शेड होती. तेव्हा विहिरींवरच्या मोटा जाऊन डिझेलची इंजनं येऊ लागली होती. बैलाचं दुखणं त्याच्या डोळ्यांत दिसायचं. इंजनाला डोळे नव्हते. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्यातले इंजनाचे जाणते शेडमध्ये जमत. ज्याचं इंजन अडलं असेल त्यानं दुखणं माझ्यावर लिहायचं, ज्याला कळेल त्यानं खाली उपाय लिहायचा. अशी रीतच पडली.

आरंभी प्रश्न चांगले येत. धूर काळा की पांढरा, आवाज कसा, काय काय करून पाहिलं, सगळं लिहिलेलं असे. मग लोकांना कळलं की इथं फुकट उत्तर मिळतं. प्रश्न आखडत गेले. ‘इंजन बंद. काय करावं?’ म्हणजे वैद्याला चिठ्ठी धाडावी, ‘माणूस आजारी आहे, औषध पाठवा.’

गुलाबराव नावाचा भला मिस्तरी अशा प्रश्नालाही सायकल काढायचा आणि शेतात जाऊन इंजन चालू करून यायचा. पुढच्या बाजाराला तोच माणूस तोच प्रश्न घेऊन हजर. गुलाबरावानं अर्धा तालुका दुरुस्त केला, पण शहाणा एकालाही केला नाही.

शंकरराव वैतागले. त्यांनी माझ्या माथ्यावर रंगानं लिहिलं, ‘आधी पाहा, मग विचारा.’ यात काही वाईट नव्हतं. पण बाकीच्यांनी त्याचा खेळ केला. आळशी प्रश्न दिसला की खाली ठरलेलं उत्तर लिहायचं, ‘हँडल मारून पाहा,’ म्हणजे इंजन चालू करायला जे कुणीही आधी करतोच तेच, आणि हसायचं. सगळ्यांत मोठ्यानं हसत ते दोन वर्षांपूर्वी शिकलेले. इंद्रभान त्यांतला पुढारी.

एका उन्हाळ्यात सुलतानपूरचा कडूबा आला. एकरभर वांगी होती त्याची. बैलजोडी विकून इंजन घेतलेलं, म्हणजे मोटेकडं परतायची वाट बंद. त्यानं लिहिलं, ‘इंजन बंद. उपाय सांगा.’

“काऊन बंद पडलं बे?” इंद्रभाननं विचारलं.

“मले काय मालूम? मालूम असतं त आलो असतो काय?”

“धूर?”

“धुराकडं कोन पायते भाऊ! वांगे वाळून राह्यले. तुमी उपाय सांगा, मी जातो. सुलतानपूरची मोटर सुटन माही.”

शेडमध्ये हशा पिकला. इंद्रभाननं खडू घेतला आणि ते ठरलेलं उत्तर लिहिलं. वर तोंडानं म्हणाला, “आन पैलवानासारखं मार. दूध पिऊन मार.”

कडूबानं ते दोनदा वाचलं, मान डोलावली आणि गेला. त्याला ते खरं वाटलं.

इंजनाच्या धंद्यात पहिला धडा अंगठ्याचा असतो. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीचा विळखा घालायचा नाही. नाहीतर उलटा झटका आला की हात सुटत नाही. हे माझ्यावर कधीच कुणी लिहिलं नव्हतं. सगळ्यांनाच माहीत होतं ना!

पुढच्या बाजाराला कडूबाची बायको सत्यभामाबाई आली. थेट माझ्यासमोर उभी राहिली. उत्तर अजून पुसलेलं नव्हतं.

“हे कोनं लिहिलं?”

इंद्रभान म्हणाला, “मी. मजाक होती वहिनी.”

“मजाक तोंडानं करा लागते भाऊ. फळ्यावर लिहिलेलं खरं असते, असं आमाले शाळेत शिकवलं. सकाळपासून दुपारपर्यंत हँडल मारत होते हे. मनगट मोडलं.”



शंकरराव उठले. “बाई, बंद पडलं तवा टाकी कोरडी पडली होती का?”

“हाव. मंग यायनं डिझेल भरलं.”

डिझेलच्या नळीत हवा धरली होती; ती काढेपर्यंत इंजन झटके देतं, चालू होत नाही. एवढंच. आठ दिवसांपूर्वी हा एक प्रश्न उलटा विचारला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. प्रश्न आळशी होता हे खरं. पण उत्तर त्याहून आळशी होतं, आणि ते जाणत्यांनी दिलं होतं.

गुलाबरावानं सायकल काढली. शंकररावांनी त्याला थांबवलं. “बाई, इकडं या,” म्हणून त्यांनी शेडमधल्या इंजनाजवळ सत्यभामाबाईच्या हातात पाना दिला. बोल्ट कुठला ढिला करायचा, फेस जाऊन सरळ धार येईपर्यंत डिझेल कसं सोडायचं, अंगठा कुठं ठेवायचा, सगळं तिच्याकडून तीनदा करून घेतलं. इंद्रभान म्हणाला, “वहिनी, मी येतो संगं. हँडल मारून देतो.”

“या. पन हँडल मी मारीन.”

पुढच्या बाजाराला तिनं माझ्यावर लिहिलं, ‘इंजन चालू. अर्धी वांगी गेली. हात वाकडा राहील म्हणते डॉक्टर.’ त्याखाली कुणी काही लिहिलं नाही.

आता माझी एक फळी उकलली आहे. प्रश्न येतात, आळशीही येतात. इंद्रभान त्यांना उत्तर देत नाही. एक उलटा प्रश्न लिहितो आणि माणसाला पाहायला परत पाठवतो. काही चिडतात. बरेच पाहून येतात. तुम्हीही जाणते असाल तर एवढंच करा. आळशाला उत्तर देऊ नका, माझी हरकत नाही. पण त्याला रिकाम्या हातानं आणि हशानं घरी धाडू नका. आळस आणि घाबरणं फळ्यावर सारखंच दिसतं.

कडूबा बाजाराला येतो. डाव्या हातात पिशवी असते. परवा तो शेडच्या दाराशी थांबला. इंद्रभान लगबगीनं म्हणाला, “या ना कडूभाऊ! काय झालं?”

“काही नाही,” कडूबा म्हणाला. “सहज.”

आणि गेला. त्याच्याजवळ प्रश्न होता. मी इतके प्रश्न अंगावर घेतलेत की माणूस दाराशी आला की मला कळतं. इंद्रभाननंही ओळखलं असावं. तो खडू हातात घेऊन बराच वेळ दारातच उभा होता.