भंगारात काढलेलं मशीन

हिशेबाची वही मी लिहायची. त्यामुळे दोष यांचा नाही, माझ्या शहाणपणाचा आहे. हे दिवसभर लेथवर लोखंड कातायचे आणि संध्याकाळी बिलं माझ्यापुढे टाकून म्हणायचे, "बघ बाई तुझं तू." मी बघितलं. दहातली चार बिलं वहीत घेतली, सहा पत्र्याच्या डब्यात ठेवली. कर वाचला की वाटायचं, या घरात डोकं आहे ते मला एकटीला.

मग ज्या पंपाच्या कारखान्याला हे सुटे भाग करून द्यायचे, त्यांनी त्यांच्या हिशेबात आमची सगळी बिलं दाखवली. कर खात्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. सहा वर्षांचा कर, वर व्याज, त्याच्यावर दंड. महिनाअखेर भरा, नाहीतर लेथला सील. नोटीस वाचून हे जाऊन मशीन पुसत बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

बँकेत गेलो. कर्जाचं बघणाऱ्या बाईंनी आमची तीन वर्षांची विवरणपत्रं चाळली.

"एवढ्याशा उत्पन्नात तुमचं भागतं कसं?" त्यांनी विचारलं. कुजकटपणे नाही, खरोखर काळजीने. मला मान वर करवेना.

"मशीन तारण ठेवतो," हे म्हणाले.

बाईंनी पान उलटलं. "ते तर दोन वर्षांपूर्वी भंगारात काढलंय तुम्ही."

मीच काढलं होतं, वहीत. तेवढाच तोटा दाखवता आला होता. म्हणजे कर्ज मागताना मशीन नव्हतं, आणि सील ठोकायला होतं. खात्याचा माणूस त्याला हात लावून यादीत लिहून गेला होता. खात्याकडे हप्ते मागितले, तर आधी चौथा हिस्सा रोख भरा म्हणाले. महिना चार टक्क्यांनी देणारा सावकार गाठला. त्याला विवरणपत्रं नको होती, घराचे कागद हवे होते, आणि आमचं घर भाड्याचं.

"पगारदार जामीन आणा, मग बघू," बँकेतल्या बाई शेवटी म्हणाल्या.

पगारदार म्हणजे आमची लेक. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने स्वतःच्या दोन खोल्यांसाठी त्याच बँकेत अर्ज टाकला होता. आमच्या कर्जाला जामीन राहिली की तिला कर्ज मिळणार नव्हतं, हे तिला माहीत होतं. यांनी जेवताना ताटाकडे बघतच विषय काढला.

"राहते की, बाबा. त्यात काय एवढं," ती म्हणाली. "खोल्या काय, नंतर घेईन."

तिचा घास मात्र बराच वेळ हातातच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी बँकेत वयाच्या पुराव्यासाठी तिचे शाळा-कॉलेजचे कागद मागितले. ते माझ्याच फायलीत होते. बाईंच्या टेबलावर ती एकेक काढत गेली आणि कॉलेजचं फीमाफीचं पत्र तिच्या हाताला लागलं. ते पत्र मी तिला कधीच दाखवलं नव्हतं. "पहिल्या नंबरची फी कॉलेजच भरतं," एवढंच सांगितलं होतं. तिने मैत्रिणींना सांगितलं, यांनी अख्ख्या गल्लीला सांगितलं.

पत्रात गुणांचा उल्लेखच नव्हता. कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा कमी असल्याने फी माफ, एवढीच ओळ होती. खाली आकडा होता, माझ्या वहीतला.

तिने ते दोनदा वाचलं. मग घडी घालून फायलीत परत ठेवलं, बाईंनी दाखवलेल्या तिन्ही जागी सह्या केल्या आणि पेन परत दिलं. हे हात जोडून तिच्याकडे बघत होते. त्यांना काही कळलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर तिने विचारलं, "आई, माझे मार्क तरी खरे होते ना?"

"खरे होते गं, अगदी खरे," मी म्हणाले.

खरेच होते. पण माझ्या शब्दाला जामीन कोण राहणार होतं?