पहिलं ‘नको’

अर्डिथ नेल्सनच्या गावात कुणी कॉफी घेता का विचारलं, की पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की ‘कशाला उगीच त्रास’ म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, एवढं म्हणताय तर अर्धा कप’ म्हणून तीन कप रिचवायचे. मिनेसोटातल्या त्या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नव्हतं ते फक्त चर्चच्या पाळकबाई ब्रिन यांना, कारण त्या कॅलिफोर्नियाच्या. तिकडची माणसं म्हणे एकदाच विचारतात आणि मिळालेलं उत्तर खरं मानतात.

दहा वर्षांपूर्वी समलिंगी लग्नांचा कायदा झाला, त्याच आठवड्यात चर्चच्या दारावर इंद्रधनुषी झेंडा लागला. पाळकबाई थेट तळघरातल्या स्वयंपाकघरात आल्या आणि अर्डिथ आणि लोइसला म्हणाल्या, तुमचं लग्न लावायला मला फार आवडेल. दोघी तेव्हाच तीस वर्षं एका घरात राहत होत्या. लोइस लाजून लाल झाली. नको हो, आमच्यासाठी कुठे एवढा खटाटोप, असं म्हणाली. अर्डिथनेही मान हलवली. घरी जाऊन दोघींनी लग्नात कुठलं गीत म्हणायचं तेसुद्धा ठरवून टाकलं.

पाळकबाईंनी मात्र त्या ‘नको’चा मान राखला. इतका राखला, की पुढच्या रविवारचं प्रवचनच त्यावर दिलं: समोरचा नाही म्हणाला की आपण थांबावं. तिसऱ्या बाकावर बसून दोघींनी ते निमूट ऐकलं.

त्यानंतर उन्हाने विटला म्हणून झेंडा तीनदा बदलला. लग्नाचा समान हक्क टिकावा म्हणून चर्चने ठराव केले, समिती नेमली, राजधानीत मोर्चे नेले. निर्वासितांची चार कुटुंबं वसवली, बेघरांसाठी दर बुधवारी सूप सुरू केलं. खोटं कशाला बोला, माणसं सोन्यासारखी. फक्त तसं लग्न काही त्या चर्चमध्ये एकही लागलं नाही. अर्डिथने विषय काढला की लोइस म्हणायची, “विचारतील गं पुन्हा. आपण होऊन मागायचं नाही.”

आणि आता लोइसच्या हृदयाची झडप बदलायची होती, पुढच्या गुरुवारी. शहात्तराव्या वर्षी काहीही होऊ शकतं, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या कागदावर ‘नातं’ या शब्दापुढे लोइसने स्वतःच्या हाताने ‘मैत्रीण’ लिहिलं. ते अर्डिथने शेजारी बसून पाहिलं. कोर्टात जाऊन सह्या करता आल्या असत्या, पण जिथे जन्मभर गायली त्याच चर्चमध्ये लग्न व्हावं, हा लोइसचा हट्ट होता.

रविवारी उपासनेनंतर तळघरात समिती बसली. झेंड्याच्या दहाव्या वाढदिवसाला एक लग्न हवंच होतं. मिनिआपोलिसचे दोन तरुण कबूल झाले होते, पण त्यांना आता तळ्याकाठी लग्न करायचं होतं. समितीचे अध्यक्ष ऑरव्हिल ट्वेटन यांनी सुस्कारा सोडून शहरातल्या पेपरात जाहिरात द्यायचं सुचवलं. दुसऱ्या चर्चकडून एखादं जोडपं मिळेल का, असं कुणी विचारलं. त्या सगळ्यांच्या कपात अर्डिथ कॉफी ओतत होती आणि पलीकडे, स्वयंपाकघराच्या वाढायच्या खिडकीआड, लोइस भांडी घासत होती.

बशीत लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा त्या गावात कुणी घेत नाही, जो तो अर्धा कापून अर्धा ठेवतो. कापता कापता तो नखाएवढा झाला होता. पाळकबाईंनी बशी अर्डिथपुढे धरली. अर्डिथ नको म्हणाली. बाईंनी आदराने बशी खाली ठेवली.

अर्डिथच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने तो तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

“पाळकबाई,” ती म्हणाली, “दहा वर्षांपूर्वी तुम्ही आम्हाला लग्नाचं विचारलंत. आम्ही नको म्हणालो. ते पहिलं ‘नको’ होतं.”

बाईंना काही कळेना. ऑरव्हिलना लगेच कळलं.

“अरे देवा,” ते म्हणाले. “तुम्ही एकदाच विचारलंत?”

मग तुम्ही का नाही विचारलंत, असं अर्डिथने त्यांनाच धरलं. ते कपात बघत पुटपुटले, की असं खासगीतलं कुणाला कसं विचारायचं. दहा वर्षं हा माणूस त्याच विषयाच्या समितीचा अध्यक्ष होता.

पाळकबाई डोळे पुसत खिडकीशी गेल्या आणि लोइसला म्हणाल्या, तुमचं लग्न इथे लावू या का? लोइसने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. नको हो, बुधवारी सूप आहे, लोकांची किती धांदल होते, असं म्हणाली. बाईंचा चेहरा उतरला. “पुन्हा,” ऑरव्हिल कुजबुजले. बाईंनी पुन्हा विचारलं.

“कशाला उगीच त्रास,” लोइस म्हणाली. नळ चालूच होता.

तिसऱ्यांदा विचारायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात अर्डिथने त्यांचा दंड धरला. दहा वर्षं ती या बाईवर मनातल्या मनात चिडली होती. पण चाळीस वर्षांत तिने स्वतः लोइसला एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली. ती आत गेली आणि तिने नळ बंद केला.

“लोइस, गुरुवारच्या आधी माझ्याशी लग्न करशील?”

लोइसने एप्रनला हात पुसले. एकेक बोट सावकाश पुसलं.

“बरं,” ती म्हणाली, “एवढं म्हणतेस तर.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि तो हॉस्पिटलचा कागद परत मागून आण. त्यात मी चुकीचं लिहिलंय.”