तुमचा पाहुणा, तुमचा गळा

आमच्या शाळेला सरकारचं अनुदान नाही, त्यामुळे सरकारचा धाकही नाही. धाक फक्त अर्जुनराव काकडेंचा. ते संस्थेचे अध्यक्ष. दुसरबीडच्या बाहेर, रस्त्यालगतच्या आपल्याच शेतात त्यांनी ही इंग्रजी शाळा उभी केली आणि माहितीपत्रकात 'संगीत विभाग' असं छापता यावं म्हणून संगीत विभागही उभा केला. विभाग म्हणजे स्टोअरच्या मागची एक खोली आणि विभागप्रमुख संजीवनी उबाळे मॅडम. एकट्या माणसाला विभाग म्हणणं बरं दिसत नाही म्हणून जोडीला तबलावाला भागवत. भागवत सकाळी शाळेची बस चालवायचा आणि मधल्या तासांना पोरांना तबला शिकवायचा. दोन्ही कामं तो सारख्याच सावधपणे करायचा.

अर्जुनरावांच्या हिशेबात जगात माणसं दोनच प्रकारची: ज्यांचं स्वागत करायचं ती आणि ज्यांनी ते करायचं ती. संगीत हे दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी शिकायचं. स्वागतगीत त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी 'या हो या' आणि पुढे पाहुण्याच्या नावाची मोकळी जागा. त्या जागेत बँकेचे मॅनेजर बसून गेले, ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक बसून गेले, अर्जुनरावांचे व्याही तर दोनदा बसले. फाटकाशी पांढरी गाडी थांबली की शिपाई संगीताच्या खोलीकडे धावायचा. मॅडमनी पोरांना नुकता कुठे यमन धरायला लावलेला असायचा, आणि हा दारात उभा राहून म्हणायचा, "मॅडम, पाहुणे."

मॅडम मूळच्या बुलढाण्याच्या. बोलणं सरळ, साडी सुती, आणि राग आला की आवाज चढायच्या ऐवजी उतरायचा. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांचा आवाज ऐकून अंदाज बांधायचो. त्या एप्रिलात तो इतका खाली गेला होता की हिंदीचा माझा तास शेजारी असूनही भिंतीपलीकडून मला काही ऐकू येईना.

कारण परीक्षा होती. संगीताची परीक्षा, केंद्र बुलढाण्याला, आठवी-नववीची मोजकी पोरं. दोन वर्षं मॅडमनी त्यांना मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, रविवारी घरी बोलावून तयार केलं होतं. त्यात समीक्षा नववीची. तिचा बाप निवृत्ती वांगी-मिरची लावणारा माणूस, पिकअप भरून माल बाजारात नेणारा. पोरीचं गाणं त्याला आवडत नव्हतं असं नाही, पण पुढच्या वर्षी दहावी. दहावीच्या पोरीनं पेटी वाजवत बसणं त्याला म्हशीनं झोपाळ्यावर बसण्याइतकं विचित्र वाटायचं. तरी मॅडमच्या शब्दाखातर त्यानं एक सवलत दिली. खोलीच्या दारात चप्पल काढून तो म्हणाला होता, "मॅडम, हे एवढी एक परीक्षा. पास झाली तं दहावीतबी शिकू देतो. नाही झाली तं गाणं बंद, पुस्तक चालू."

समीक्षा तिथेच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं डब्यातलं लोणचं बंद केलं, एवढं तिच्या मैत्रिणींनी सांगितलं.

परीक्षा रविवारी होती. आदल्या शुक्रवारी अर्जुनरावांनी जाहीर केलं की त्याच रविवारी सकाळी नऊ वाजता शाळेच्या नव्या कमानीचं उद्घाटन. कमानीला लोखंड आणि सिमेंट ज्यांनी दिलं ते संभाजीनगरचे ठेकेदार वामनराव स्वतः फीत कापायला येणार. स्वागतगीत हवं. आणि गाणारी पोरं म्हणजे मॅडमची तीच पोरं, कारण बाकीच्यांना सूर आणि गोंगाट यातला फरक अजून कळायचा होता.

मॅडम ऑफिसात गेल्या. मी तिथे पेपर मोजायला बसलो होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. अर्जुनराव समजावणीच्या सुरात म्हणाले की परीक्षा काय, पुढच्या वेळी देता येते, असा पाहुणा काही परत येणार नाही.

मॅडम म्हणाल्या, "पाहुणा परत येतो, साहेब. तुमचे व्याही दोनदा आले. नववीतली पोरगी परत नववीत येत नाही."

व्याह्यांचा उल्लेख अर्जुनरावांना लागला. त्यांनी तिथल्या तिथे शाळेची बस परीक्षेसाठी द्यायची नाही असं ठरवलं. ती म्हणे वामनरावांच्या माणसांना आणायला लागणार होती. माणसं किती, हे विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

मध्ये पडले प्राचार्य अविनाश सर. या माणसाची सगळी नोकरी दोन बाजूंच्या मध्ये उभं राहण्यात गेली होती आणि त्यामुळे दोन्ही बाजूंची धूळ त्यांच्याच शर्टावर असायची. त्यांनी तोडगा काढला. पोरांनी बाराच्या आत केंद्रावर पोचायचं आहे. पाहुणे नऊला येणार. गाणं पाच मिनिटांचं. साडेनऊला पोरं मोकळी. बसचं मॅडमनी आपलं बघावं.

मॅडम हो म्हणाल्या. अवघ्या शाळेत पाहुण्यांच्या वेळा त्यांच्याइतक्या कोणी भोगल्या नव्हत्या, तरी हो म्हणाल्या. मला त्याचं आश्चर्य वाटलं. नंतर कळलं, नकार दिला तर पोरांचे वार्षिक निकाल अडकतील असं अर्जुनरावांनी सरांच्या तोंडून सुचवलं होतं. सरांनी ते सुचवताना खाली मान घातली होती, एवढी त्यांची जमेची बाजू.

रविवारी पावणेनऊला पोरं कमानीच्या आतल्या अंगाला दोन ओळींत उभी. पांढरे गणवेश, हातात झेंडूच्या पाकळ्यांची ताटं. कमानीला आडवी लाल फीत, खाली रांगोळी. पाहुण्यांसाठी मांडव, मांडवात पंखा, टेबलावर सीलबंद पाण्याच्या बाटल्या. पोरांवर मांडव नव्हता, कारण पोरं पाहुण्याला दुरूनच दिसली पाहिजेत. शाळेची बस आवारातच उभी होती आणि बाहेर रस्त्याच्या कडेला निवृत्तीची पिकअप. मॅडमनी आदल्या दिवशी त्याच्याशी बोलून ठेवलं होतं. क्रेट उतरवून त्यानं मागे सतरंजी अंथरली होती आणि चाकाशी बसून तो कमानीकडे बघत होता.

साडेनऊ झाले. अर्जुनरावांनी फोन लावला आणि सांगितलं, निघालेत. आमच्याकडे 'निघालेत' म्हणजे आंघोळीला पाणी काढलंय. दहा वाजले. पोहोचतच आहेत. म्हणजे चहा घेतायत. एप्रिलचं ऊन डोक्यावरून खांद्यावर, खांद्यावरून तळव्यांत उतरत होतं. मॅडमनी दोनदा पोरांना सावलीत न्यायची परवानगी मागितली. ओळ मोडली की परत लागत नाही, असं अर्जुनराव म्हणाले. मॅडमनी पाणी मागितलं. शिपायानं टेबलावरच्या बाटलीला हात लावला तर त्याला मागे बोलावलं गेलं, त्या पाहुण्यांच्या. टाकीचं पाणी स्टीलच्या एका पेल्यात आलं आणि पोरांनी ते आळीपाळीनं घोट घोट प्यायलं. समीक्षा गाण्याआधी कोमट पाण्याशिवाय काही घेत नसे. त्या दिवशी तिनं टाकीचं घेतलं.

मॅडम पेटीजवळ उभ्या होत्या. त्यांचा चेहरा बघून मी माझी जागा बदलली.

मग आठवीतल्या छकुलीचा घोळणा फुटला. आधी तिनं नाक पुसलं, मग हात बघितला, मग पांढऱ्या गणवेशावर पडलेला लाल थेंब बघितला, आणि तरीही ताट सोडलं नाही. कोणीतरी तिला सावलीत न्यायला हात पुढे केला. अविनाश सर धावत आले आणि घाईघाईनं मॅडमना म्हणाले, "हिला मागच्या ओळीत घ्या. डाग दिसतोय."

मॅडमनी सरांकडे बघितलं. मग पदराचं टोक ओलं करून छकुलीच्या नाकावर धरलं, तिच्या हातातलं ताट काढून सरांच्या हातात दिलं. बाकीच्या पोरांना म्हणाल्या, "ताटं खाली ठेवा. चला."

अर्जुनराव मांडवातून उठले. "मॅडम, पोरं काऊन हलवून राह्यल्या तुमी? गाडी आली आता."

मॅडमनी पेटी उचलली. मला वाटलं घेऊन जातायत. पण त्यांनी ती मांडवात नेऊन अर्जुनरावांच्या समोरच्या टेबलावर, बाटल्यांच्या मध्ये ठेवली.

"शब्द तुमचेच आहेत, साहेब. चाल सगळ्या स्टाफला पाठ आहे, इतक्यांदा ऐकलीय. तुमचा पाहुणा, तुमचा गळा. गा."

"याचा परिणाम समजते का तुमाले?"

"समजतो. पोरं जाऊ द्या, मग करा."

अर्जुनराव भागवतकडे वळले आणि त्याला म्हणाले की तू थांब. भागवत तबल्याची पिशवी खांद्याला लावत होता. त्याला दोन नोकऱ्या होत्या आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातात. तो थोडा थांबला, घाम पुसला, आणि म्हणाला, "केंद्रावर तबला कसा राहील काय सांगता येते साहेब, मी आपला आपल्याच हातानं साथ करतो." आणि चालू लागला.

बाहेर जायला वाट एकच, कमानीखालून. पोरं फितीशी येऊन थांबली. एक-दोघी खाली वाकायला लागल्या. मॅडम म्हणाल्या, वाकायचं नाही. त्यांनी फितीची गाठ सोडली, सगळ्या पोरांना सरळ उभ्यानं बाहेर जाऊ दिलं, स्वतः बाहेर आल्या, आणि भागवतकडून ती गाठ पुन्हा नीट मारून घेतली. पाहुण्याला कापायला काहीतरी राहिलं पाहिजे, एवढंच बोलल्या. निवृत्तीनं गाडी चालू केली. त्यानं अर्जुनरावांकडे एकदाही बघितलं नाही, आणि ज्याच्या पोरीचा निकाल त्याच माणसाच्या कपाटात आहे त्या बापाला ते किती जड गेलं असेल, हे मला त्याच्या मानेवरून कळत होतं.

वामनराव साडेअकराला आले. तोवर आम्ही ओळीत उभे होतो: गणिताचे, भूगोलाचे, मी, क्रीडाशिक्षक, आणि भाता ओढायला मराठीच्या अन्नपूर्णाबाई, ज्यांना पेटीची एकच पट्टी ओळखीची होती. ती मुलींची निघाली. 'या हो या'पर्यंत आमच्यातल्या अर्ध्यांचे आवाज फाटले आणि उरलेल्यांनी नुसते ओठ हलवले. अर्जुनराव गायले नाहीत. टाळ्यांचा ठेका धरून उभे होते. वामनराव फोनवर बोलत गाडीतून उतरले, फोनवर बोलतच फीत कापली, आमच्यासमोरून फोनवर बोलत गेले. त्यांच्या नावाची जागा आली तेव्हा ते कोणाला तरी वाळूचा भाव विचारत होते. मांडवात बसल्यावर फोन खाली ठेवून त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, की बाथरूम कुठंय.

गाणं झालं की नाही झालं, कोणी म्हटलं, पोरांनी की मास्तरांनी, त्या माणसाला शेवटपर्यंत कळलं नाही. दोन तास उन्हात पोरं यासाठी उभी होती. मला शिव्या येत नाहीत असं नाही, पण त्या दिवशी कोणती द्यावी हे सुचेना.

बुलढाण्याचं भागवतनं रात्री फोनवर सांगितलं. वेळ टळून गेली होती. परीक्षक बाई फारच शिस्तीच्या. उशिरा आलेल्यांना घेत नाही म्हणाल्या. मॅडमनी वाद घातला नाही. नाकात कापूस घातलेल्या छकुलीला त्यांच्यासमोर नेऊन उभं केलं आणि म्हणाल्या, उशीर माझा आहे, यांचा नाही. परीक्षक बाईंनी सगळ्यांना शेवटी घेतलं. समीक्षाचा वरचा सा चिरकला. दोन वर्षांत कधी चिरकला नव्हता. परीक्षक बाईंनी विचारलं, गळा गोड आहे, मग इतका सुकलेला का? समीक्षानं तानपुऱ्याशी सूर पुन्हा जुळवला आणि तिथूनच पुढे गायली.

सोमवारी प्रार्थनेला अर्जुनराव स्वतः आले. मॅडमनी सगळ्यांसमोर माईकवर माफी मागायची, असं ठरलं होतं. मॅडम पुढे आल्या. माईकची उंची त्यांनी नीट केली. आवाज इतका खाली होता की शेवटच्या ओळीतली पोरं पुढे सरकली.

"मी माफी मागते," त्या म्हणाल्या. "काल मी माझ्या विद्यार्थ्यांना पाण्याशिवाय उन्हात उभं केलं. गळा जपायचा असतो हे शिकवणारी मी, आणि मीच तो सुकवला. समीक्षा, छकुली, तुम्ही सगळे, मला माफ करा. यापुढे गाण्यासाठी कोणी उन्हात उभं राहा म्हटलं, तर राहायचं नाही. मी म्हटलं तरी राहायचं नाही."

त्या खाली उतरल्या. अर्जुनराव माईककडे बघत राहिले. अविनाश सरांनी घाईघाईनं प्रतिज्ञा सुरू केली.

जूनपासून येऊ नका, असं मॅडमना त्याच आठवड्यात कळवलं. त्यांनी उरलेले तास एकही न चुकवता घेतले. समीक्षा दुसऱ्या श्रेणीत पास झाली. त्या दुसऱ्या श्रेणीचा राग मॅडमच्या मनातून अजून गेलेला नाही. पण निवृत्तीला श्रेणीशी घेणं नव्हतं, पास म्हणजे पास. मॅडम बुलढाण्याला परतल्या, आणि पोरगी आता रविवारी बसनं त्यांच्या घरी जाते.

जुलैत पुन्हा एक पांढरी गाडी यायची होती. शिपाई दहावीच्या वर्गावर आला आणि समीक्षाला म्हणाला, चल, साहेबानं पहिलं तुलेच बोलावलंय. माझाच तास होता. ती उठून उभी राहिली, शांतपणे म्हणाली, "मॅडमनी नको सांगितलंय," आणि परत बसून वही उघडली. शिपायानं माझ्याकडे बघितलं. मी फळ्याकडे वळलो आणि धडा पुढे चालू केला.

गाडी आली तेव्हा ओळीत आम्हीच होतो. अर्जुनराव या वेळी गायले.