टेकाडाचं नाव

धरणाचे दरवाजे सकाळी उघडले आणि दुपारी बाराच्या सुमाराला पाणी खालच्या ओळीतल्या सात घरांत शिरलं. सपनाने सासूला, पार्वताबाईला, हाताला धरून टेकाडाच्या माथ्यावर आणलं. बाकीचे लोकही पोरंबाळं, शेळ्या, धान्याच्या गोण्या घेऊन वर चढत होते. एकोणीस घरं, त्र्याण्णव माणसं.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांच्या हद्दीवर, तापीला मिळणाऱ्या एका नदीच्या वळणात ही वस्ती. नदीने कधीकाळी पात्र बदललं होतं. त्यामुळे टेकाडाच्या एका अंगाला वाहतं पात्र, दुसऱ्या अंगाला जुनं, कोरडं. दोन्ही काठांवरची गावं तिला ‘पलीकडची वस्ती’ म्हणत. केळीच्या बागांत मजुरीला जाणाऱ्या या लोकांना त्याहून वेगळं नाव कधी लागलंच नव्हतं. आज जुन्या पात्रातूनही पाणी धावत होतं आणि टेकाड मधोमध अडकलं होतं.

मोबाइलवर नेट नव्हतं, नुसता फोन लागत होता. सपनाने मदत मागून पाऊण तास झाला होता. तेवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, मी योगेंद्र, कंट्रोल रूममधून. बोट पलीकडच्या वस्तीवर पोचली, पण तिथले लोक म्हणतात, आम्ही फोनच केला नाही. तुम्ही आहात कुठे?”

“आम्ही इथंच आहोत! टेकाडावर!”

“वस्तीचं नाव सांगा.”

“पलीकडची वस्ती.”

“मॅडम, या नदीवर मला चार पलीकडच्या वस्त्या सापडल्यात. तुमच्या फोनचं ठिकाण टॉवरचं दाखवतंय, आणि टॉवर आठ किलोमीटरवर आहे. माझ्याकडे बोट एकच आहे. चुकीच्या फाट्यात शिरली तर तिला या पाण्यात परत उलटं चढता येणार नाही. बोटवाले तापीकाठचे मासेमार आहेत. त्यांना कळेल असं काहीतरी नाव सांगा.”

सपनाने नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, काय सांगू?”

“मोतीलालनगर सांग,” युवराज म्हणाला. “अर्जात तेच लिहिलंय.”

घरांखालची जागा नावावर व्हावी म्हणून वस्तीने सहा महिन्यांपूर्वी अर्ज दिला होता. युवराजनेच तो लिहिला होता. ‘माझे वडील कै. मोतीलाल यांनी चाळीस वर्षांपूर्वी ओसाड टेकाडावर ही वस्ती वसवली,’ अशी त्याची सुरुवात होती.

सपनाने नाव सांगितलं. पलीकडे योगेंद्र दुसऱ्या फोनवर कुणाशी तरी बोलला आणि परत आला. “त्यांनी हे नाव कधी ऐकलेलं नाही. दुसरं काही?”

खाली एक भिंत बसली. आवाज मोठा झाला नाही, ओल्या मातीचा नुसता धप्प. एक बाई किंचाळली आणि पोरांनी रडायला सुरुवात केली. पाणी आता अकराव्या घराच्या पायरीला लागलं होतं.

“धनसिंगनं टेकाड सांग,” पार्वताबाई म्हणाली.

सपनाला कळलं नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या राकेशला कळलं. त्याचा बाप मोतीलालच्या पाठोपाठ इथे आला होता. तो पुढे आला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “अक्का, ते नाव काढू नको. सगळा कागद बिघडी जाई. आपण ओसाड लिहेल शे.”

“ओसाड नव्हतं रे. तुलेबी माहीत शे.”

“आई, कोण धनसिंग?” युवराजने विचारलं.

पार्वताबाईने त्याच्याकडे न बघता सांगितलं. “आठे पहिले धनसिंग पावरा व्हता, आदिवासी मानूस. त्यानी झोपडी व्हती, वाळूमा टरबूज लावे. आम्ही आठे राहाले ऊनूत तवय पहिला पावसाळा त्यानाच झोपडीमा काढा. तू त्यानाच घरमा जन्मना.”

“मग तो गेला कुठे?”

“तिसरा साले आठ घरं झाली. जागा पुरेना. तुना बाप आनि चार जण गयात, त्याले म्हने, निंघ आठेन. दोन पोरी आनि बायको लेईसन तो नदीकाठनी चालना गया. मी दारमा उभी व्हती. काहीच बोलनू नही.”

राकेशने मान फिरवली. सपनाच्या कानाला लावलेल्या फोनमधून योगेंद्र विचारत होता, “मॅडम, आहात ना? हॅलो?”

सपनाने नवऱ्याच्या होकाराची वाट पाहिली नाही. “धनसिंगचं टेकाड,” ती म्हणाली. “त्यांना सांगा, धनसिंगचं टेकाड.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग योगेंद्रचा आवाज बदलला. “त्यांना माहीत आहे! जुन्या पात्राने येतो म्हणतात. अर्धा तास धरा.”

पन्नास मिनिटं लागली. तोवर पंधरा घरं पाण्यात गेली होती आणि माणसं माथ्यावर खांद्याला खांदा लावून उभी होती. बोट दिसली तेव्हा पुढे उभा असलेला मासेमार दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडत होता, “धनसिंगना टेकाडवर कितला लोक शेतस?” त्याचं नाव नथ्थू. आठ फेऱ्यांत त्याने सगळ्यांना काठावर उतरवलं.

पार्वताबाई शेवटच्या फेरीला बसली. नथ्थूने सहज विचारलं, “अक्का, धनसिंग कोन लागे तुम्हले? आमना बाप सांगे, टरबूज गोड राहे त्यानं.”

“कोनी नही लागे,” ती म्हणाली. “त्याले आम्ही काढी दिधं.”

नथ्थूने तिच्याकडे पाहिलं. मग तो बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन पाठमोरा उभा राहिला. उतरताना मात्र त्याने तिला हात दिला.

वस्तीतली माणसं नऊ दिवस काठावरच्या गावातल्या शाळेत राहिली. जीव कुणाचाच गेला नाही. बारा घरं पडली. राकेशने आणि आणखी चार घरांनी पार्वताबाईशी बोलणं टाकलं. ‘म्हातारीने चाळीस वर्षांचा हक्क पाण्यात घातला,’ असं ते उघड म्हणत.

दहाव्या दिवशी पंचनाम्याला तलाठी आले. टेकाडावर चिखलात उभं राहून त्यांनी विचारलं, “वस्तीचं नाव काय लिहू?”

युवराजने आईकडे बघितलं, मग राकेशकडे. “धनसिंगचं टेकाड लिहा,” तो म्हणाला. राकेश तिथून निघून गेला.

पुढच्या आठवड्यात युवराज जागेचा नवा अर्ज लिहायला बसला. ‘या टेकाडावर प्रथम धनसिंग पावरा हे कुटुंबासह राहत होते. त्यानंतर आम्ही आलो,’ एवढं लिहून त्याने आईला वाचून दाखवलं.

“त्याले जा म्हनं ते लिहं का?”

“आई, मग जागा मिळणार नाही. पक्की मिळणार नाही.”

“नही मियनी ते नही मियनी.”

युवराज बराच वेळ पेन धरून बसला. सपनाने चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला, तो तसाच निवला. मग त्याने पुढचं वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि अर्जावर एकोणीस घरांच्या सह्या घ्यायला उठला. त्या दिवशी अकरा मिळाल्या.