कापसातलं वरण

केळझरात कावळे चुलीच्या धुरावरून घरं ओळखत, आणि वच्छलाबाईचं घर त्यांना कधी सापडत नसे. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. धुरानं दुनिया तापून राह्यली, असं बाईनं रेडिओवर ऐकलं आणि आपल्या वाट्याचा धूर कमी करायचं मनावर घेतलं. आंघोळीचं पाणी टिनाच्या छपरावर उन्हात काळ्या डब्यात तापू लागलं, भात गोधडीत निजून शिजू लागला.

नवरा बापूराव म्हणायचा, "एक दिवस मलेही गोधडीत बांधशीन."

"तुमाले जाळ जास्त लागन," ती म्हणायची.

अठ्ठ्याण्णवच्या माघात लेकीच्या, रक्षाच्या साक्षगंधाला कारंज्याहून पंचवीस पाहुणे यायचे होते. बापूरावानं जळणाला बैलबंडीभर पऱ्हाट्या, कापसाच्या वाळक्या काड्या, आणल्या. वच्छलाबाईनं त्यातल्या कवेत मावतील तेवढ्याच घेतल्या. गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, भिजवलेल्या तूरडाळीला खळखळून उकळी आणली, गंज पुसून गोधड्यांत गुंडाळला आणि बैठकीतल्या कापसाच्या ढिगात पुरला. वेचणीचे दिवस; ढीग खिडकीला टेकलेला.

"दोन तास कोणी हात लावाचा नाई!" मधेच झाकण उघडलं, की डाळ टणक आणि इज्जत पातळ. एवढा मोठा गंज तिनं कधी पुरला नव्हता, हे मात्र ती कोणाला बोलली नाही.

पाहुणे तासाभरातच आले. व्याही प्रभाकरराव कापसाचे व्यापारी. व्यापाऱ्याला ढीग दिसला, की हात आत गेल्याशिवाय राहत नाही. बोलता बोलता त्यांनी खांद्यापर्यंत हात खुपसला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"बापूराव, कापूस आतून तापला. वजनासाठी पाणी मारलं का?"

ओला कापूस तापतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. लबाडाच्या घरची पोरगी कोण करील? बापूराव ढीग उपसायला धावला, पण वच्छलाबाई त्याच्या आधी जाऊन ढिगावर बसली.

"इवाईबुवा, कापूस कोरडा हाये. आत वरण शिजून राह्यलं. अजून पाऊण तास."

"कापसात वरण?"

"खोटं निघालं तर पोरगी माह्या घरी राहीन. पण कच्चं वरण मी कोणाच्या पानात वाढत नाई."

"अंड्यावर कोंबडी बसावी तशी बसली बाई!" विहीण सुमित्राबाई म्हणाली. मंडळी हसली. बाई हलली नाही.

पाऊण तासानं तिनंच गंज बाहेर काढला. झाकण उघडताच वाफेनं प्रभाकररावांचा चष्मा पांढरा झाला. डाळ अशी शिजली होती, की पळी पाहूनच विरघळली. मूठभर काड्यांवर फोडणी झाली आणि व्याह्यांनी सात वाट्या ओरपल्या. ते पुढे चारच सांगत.

"पऱ्हाट्याची बंडी तशीच भरेल उभी हाये, पाहून घ्या!" बापूराव छाती काढून ज्याला त्याला दाखवत होता.

सुमित्राबाईनं हळूच विचारलं, "हे पोरीले येते का वो?"

वच्छलाबाईनं मान अशी वर केली, की पदर घसरला. "इहीनबाई, तुमी टेकल्या त्या ढिगात भात हाये. रक्षानं पुरला. जरा सरका, वाढाचा हाये."