चिमूटभर सोडा आणि एक ढेकर

सिंदी मेघेच्या आमच्या गल्लीत खायचा सोडा म्हटलं की माझं नाव निघतं, आणि याचा मला माज होता. खोटं कशाला बोलू? कपांवरचे चहाचे डाग, फ्रिजमधला वास, तुंबलेलं बेसिन, मधमाशी चावलेलं बोट, सगळ्यावर माझ्याकडे सोडा. शेजारची इला तर आठवड्याला एकदा तरी वाटी घेऊन दारात यायची. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईला सहसा कोणी उलट बोलत नाही, आणि बोललंच तर मी ऐकून घेत नाही.

आमचे हे, दत्तोपंत, जिल्हा परिषदेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पोटाचे कच्चे आणि जिभेचे लाड पुरवणारे. पाटोडीचा रस्सा दिसला की हात आवरायचा नाही, मग छाती चोळत बसायचे. मी पेलाभर पाण्यात अर्धं लिंबू पिळायचे, त्यात सोडा टाकायचे आणि फसफसलं की म्हणायचे, ‘‘एका दमात प्या.’’ मग समोर उभी राहायचे. ढेकर येईस्तोवर हलायचे नाही. ढेकर आला की ते म्हणायचे, ‘‘झालं, मोकळं झालं.’’ मी म्हणायचे, ‘‘बघा, म्हटलं होतं ना.’’ एवढं झालं की मी माझ्या कामाला मोकळी. चाळीस वर्षं आमच्यात हे असंच चाललं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी ठेवणीतले कप काढले होते. सकाळचे दहा वाजले असतील. हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. ‘‘सुमती, लई जळजळ होऊन राह्यली.’’

‘‘काल तीन वाट्या रस्सा कोणी भुरकला?’’ मी म्हटलं.

ते हसले नाहीत. कपाळावर घाम होता. तो मी पाहिला, आणि पंखा लावला. एवढंच सुचलं मला.

पेला रिकामा करून ते खुर्चीत बसले. मी नेहमीसारखी समोर उभी. त्या दिवशी जरा वेळच लागला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंसुद्धा. मग एकदाचा ढेकर आला.

‘‘झालं, मोकळं झालं,’’ ते म्हणाले. ‘‘जाय तू, तुझे कप राह्यले ना.’’

‘‘बघा, म्हटलं होतं ना,’’ असं म्हणून मी गेले. एकेक कप सोड्याने घासून लख्ख केला. अर्ध्या तासाने पदराला हात पुसत बाहेर आले, तर ह्यांची मान छातीवर पडलेली. इलाने ऑटो आणला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, ‘‘त्रास कधी सुरू झाला होता?’’ मी म्हटलं, ‘‘दहाला.’’ त्यांनी घड्याळ पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

घरी आल्यावर सोड्याचा डबा मी मोरीत रिकामा केला. भेटायला येईल त्याला एकच सांगत सुटले, मीच मारलं त्यांना, छातीच्या दुखण्यावर सोडा पाजला. मुलगा, साकेत, म्हणायचा, ‘‘आई, असं नको बोलू.’’ पण लोक एकमेकांकडे बघायचे ते मला दिसत होतं.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी अण्णाजी आले. ह्यांचे सकाळच्या फिरण्यातले सोबती, पंधरा वर्षांचे. बराच वेळ टोपी मांडीवर फिरवत बसले.

‘‘वहिनी, तुमी सोताले दोष काऊन देऊन राह्यल्या? तुमच्या सोड्यानं काई झालं नाई. त्याले त्या सोड्याचा फरकच पडत नव्हता. चौकातल्या मेडिकलातून जळजळीच्या गोळ्या घ्यायचा अन् माह्याजवळ ठेवाले द्यायचा. म्हणे, सुमतीले सांगजो नको, तिले वाईट वाटते.’’

मला राग आला, खरं सांगते. मेलेल्या माणसाचा राग. ‘‘मग ढेकर कसा यायचा?’’ मी विचारलं.

अण्णाजींच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं असावं. ‘‘तो खोटा. तोंडानं काढायचा. म्हणे, ढेकर देल्याबिगर ती समोरून हटतच नाई. मलेबी शिकवला त्यानं.’’

आणि मला हसवावं म्हणून त्या भल्या माणसाने हनुवटी आत ओढली, हवा गिळली आणि ढेकर काढून दाखवला. लहानसा, शेवटी किंचित अडकलेला.

अण्णाजी माझ्या हसण्याची वाट बघत होते. मला तो आवाज ओळखू आला. वर्षानुवर्षं ऐकलेला, आणि त्या रविवारचाही तोच.

म्हणूनच वेळ लागला होता. छातीत तसली कळ उठत असताना ते खुर्चीत बसून हवा गिळत होते. पहिल्यांदा जमलं नसेल, दुसऱ्यांदाही नसेल, आणि मी घड्याळ बघत उभी होते. माझं मन राखायला त्यांनी तो ढेकर काढला.

नसता काढला, तर मी समोरून हलले नसते. आणखी पाच मिनिटं मी त्यांच्याकडे बघत राहिले असते, तर मला कळलं असतं.

पण त्यांनी ढेकर दिला, आणि मी कप घासायला गेले.